गव्हाची थंडी, द्राक्षाचा गारठा

डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा घसरला की बातमीत आकडा येतो तो बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा. आणि त्याच बातमीत पुढची ओळ असते, 'द्राक्ष बागायतदार धास्तावले'. तापमापी गव्हाच्या रानात आणि धास्ती द्राक्षाच्या बागेत, हे असं का झालं ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

निफाडला थंडी नवी नाही. गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातलं हे सखल, ओलिताचं रान. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की गार हवा इथे तळाशी साचून राहते. नाशिकच्या नोंदीतला नीचांक ०.६ अंश, तोही ७ जानेवारी १९४५ चा. पण त्या काळी शिवारात गहू-हरभरा होता. हरभऱ्याचा फुलोरा कडाक्यात गळायचा, ते नुकसान होतंच. गव्हाला मात्र थंडी मानवते. फुटवे जास्त येतात, दाणा भरायला सवड मिळते. 'त्र्यंबक', 'तपोवन' हे गव्हाचे वाण याच निफाडच्या केंद्रातून आले.

द्राक्षाची सुरुवात ओझरला १९२५ च्या सुमारास झाली असं सांगतात. बागायतदारांचा राज्य संघ १९६० चा. पुढे थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात आली, तिच्यातूनच निवडलेली तास-ए-गणेश आली आणि बघता बघता गव्हाच्या रानात मांडव उभे राहिले.

माझ्या मते खरी मेख आहे ती छाटणीच्या वेळापत्रकात. युरोपात हिवाळ्यात द्राक्षवेल पानं गाळून झोपी जाते, म्हणून तिथली थंडी ती सोसते. आपल्याकडे तिला झोपूच देत नाहीत. पावसाळ्यात फळ धरावं तर डाऊनी हा बुरशीचा रोग घड खाऊन टाकतो. म्हणून एप्रिलात नव्या काडीसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी आणि माल कोरड्या दिवसांत, असा मेळ बसला. तो बरोबरच होता, पण त्यामुळे ऐन गारठ्यात आपल्या वेलीच्या अंगावर घड असतात.

पारा दहाच्या खाली रेंगाळला की पांढरी मुळी, म्हणजे अन्न-पाणी शोषणारी कोवळी मुळं, सुस्तावते, अन्नद्रव्यं उचलत नाही आणि मण्यांची फुगवण थांबते. गावच्या बाजारात हे एक वेळ खपून जायचं. १९९० नंतर माल युरोपात जाऊ लागला आणि मणी मिलिमीटरवर मोजला जाऊ लागला, तेव्हा थांबलेली फुगवण थेट पट्टीवर दिसू लागली. मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे तो मऊ पडू लागण्याच्या, सुमारास दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा यांत फार अंतर पडलं तर हिरवा मणी गुलाबी होतो. घडांना कागद गुंडाळतात ते त्यासाठी. सगळ्यात वाईट म्हणजे थंडीनं मणी तडकणं. साखर भरलेला मणी पाणी ओढतो, साल ताणत नाही आणि मणी उभा चिरतो. सटाण्याकडच्या अर्ली, म्हणजे लवकर छाटलेल्या बागा डिसेंबरातच गोड झालेल्या असतात, म्हणून पहिला फटका त्यांना.

फेब्रुवारी २०१२ मध्ये नाशिक २.७ अंशांवर आलं, डिसेंबर २०१८ मध्ये निफाड १.८ वर. अशा पहाटे तीन-चारला विहिरीची मोटार सुरू होते. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, ते ठिबकने सोडलं की बोदाला, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या वरंब्याला, ऊब राहते. ओळींच्या टोकाला काडीकचऱ्याच्या शेकोट्या पेटवतात, धूर मांडवाखाली धरून ठेवायचा. पारा तीनवर असतानाही पानावरचं दव गोठलेलं दिसतं. तापमापी पेटीत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर असते. पान मात्र रात्रभर उघड्या आभाळाला आपली ऊब देत बसतं आणि हवेपेक्षाही गार होतं.

थंडी चुकवायची तर छाटणी आधी घ्यावी, पण आधी घेतली की कोवळे घड परतीच्या पावसात सापडतात. म्हणून पुष्कळ घरांत एक प्लॉट सप्टेंबरअखेर छाटतात आणि दुसरा दसऱ्यानंतर, म्हणजे दोन्ही एकदम जायला नकोत.