अटेम्प्ट म्हणजे प्रयत्न की संधी?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत नवं पोरगं आलं की नाव-गाव झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला : "कितवा अटेम्प्ट?" उत्तर म्हणून नुसता आकडा येतो. वर्षभर रात्री जागून वाचलं की पुस्तकं उशाला ठेवून झोपा काढल्या, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला. मोहात पाडण्यासाठीचा 'टेम्प्ट' हाही त्याच मुळातला. चाचपून पाहणे हा दोघांचा जुना भाव. आपल्याकडे तो आधी कोर्टकचेरीतून पोचला. 1860 च्या दंडसंहितेतलं 307 कलम म्हणजे खुनाचा प्रयत्न. 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत ते 109 झालं, पण चावडीवर अजून "तीनशे सात लागलं" असंच म्हणतात. कायद्याने एक रेघ आखली आहे : नुसती तयारी म्हणजे प्रयत्न नव्हे, गुन्ह्याच्या दिशेने प्रत्यक्ष कृती व्हावी लागते. शाळेत हा शब्द फार चालला नाही. मार्चला गचकलेल्यांची 'ऑक्टोबरची वारी' पुरेशी होती. दहावीसाठी 2015 पासून ती जुलैत आली.

खरा गुंता स्पर्धा परीक्षांनी केला. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत अटेम्प्टला मर्यादा जुनीच. 2014 मध्ये ती खुल्या गटाला 4 वरून 6, इतर मागासवर्गाला 7 वरून 9 झाली. अनुसूचित जाती-जमातींना वयोमर्यादेपर्यंत कितीही. राज्याच्या परीक्षेला मात्र फक्त वयाची अट होती. 30 डिसेंबर 2020 रोजी राज्याच्या लोकसेवा आयोगाने केंद्राचाच साचा उचलला : खुला गट 6, अनुसूचित जाती-जमातींना मर्यादा नाही, उर्वरित मागास प्रवर्गांना 9. मराठीत त्याला शब्द वापरला 'संधी'.

इथेच वाद पेटला. प्रयत्न आपण करतो, संधी कुणीतरी देतं. मोजायचं काय, तर पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला जरी बसलात तरी एक संधी खर्ची. पुढे अपात्र ठरलात, उमेदवारी रद्द झाली, तरी हिशेब तोच. अर्ज भरून घरी बसलात तर मात्र काहीच मोजलं जात नाही. म्हणजे दोन वर्षं घासून ऐनवेळी न गेलेला कोरा, आणि सहज बघायला म्हणून एक पेपर दिलेला एकाने कमी. तयारी इथेही धरली जात नाही, कोर्टासारखीच.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की पोरं पस्तिशी उलटेपर्यंत अडकून पडतात, मर्यादा असली तर वेळेवर दुसरी वाट धरतील. म्हणणं खोटं नाही. पण खुल्या गटाची वयोमर्यादा 38 ठेवायची आणि संधी सहाच द्यायच्या, हे गणित जुळत नव्हतं. त्यात वेळ चुकीची : एप्रिल 2020 ची पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा ढकलत 21 मार्च 2021 ला झाली. प्रवर्गवार फरकाचा विषय निघाला की कोल्हापुरात 26 जुलै 1902 चा शाहू महाराजांच्या करवीर दरबाराचा, मागासवर्गासाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखण्याचा आदेश निघतोच, तसा तेव्हाही निघाला.

त्याच सुमारास केंद्राच्या उमेदवारांनी कोरोनात गेलेल्या अटेम्प्टच्या बदल्यात एक जादा मागितला. सर्वोच्च न्यायालयाने 24 फेब्रुवारी 2021 ला नकार दिला. राज्याने मात्र 2022 मध्ये मर्यादाच मागे घेतली, आणि पुन्हा वयाचीच अट उरली.

दुसरा अर्थ परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर ऐकू येतो.

"किती अटेम्प्ट केलास?"

"ब्याण्णव."

"लई झालं की रं भावा!"

इथे अटेम्प्ट म्हणजे काळे केलेले गोळे. राज्याच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरात 100 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, चुकीला पाव भाग वजा. चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तरी चारात एक बरोबर धरून 2 गुण मिळतात, तीन चुकांचे दीड जातात. अर्धा गुण पदरात उरतोच. केंद्राकडे एक तृतीयांश कापतात, तिथे आंधळ्या तुक्क्याची बेरीज बरोबर शून्य येते. म्हणून राज्याच्या पेपरनंतर फाटकाबाहेर ऐकू येणारे आकडे नव्वदीच्या आसपास असतात आणि केंद्राच्या पेपरनंतर पोरं हात आखडल्याचं सांगतात. दोन्हीकडचे अर्ज भरणारे कितवा अटेम्प्ट विचारल्यावर आधी विचारतात, "कुठला, केंद्राचा का राज्याचा?"