पार्श्वभूमी : अमेरिकी यादवी युद्धाचे पहिले वर्ष, रणांगणावर आणि पाण्यावर

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की बहुतेक जण १८६३च्या गेटिसबर्गच्या लढाईवर येऊन थांबतात. पण या युद्धाची दिशा त्याआधीच, पहिल्या तेरा महिन्यांत ठरत गेली, आणि माझ्या मते ती रणांगणापेक्षा किनाऱ्यावर आणि नद्यांवर ठरली.

१२ एप्रिल १८६१च्या पहाटे साडेचारला चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट समटरवर तोफा सुरू झाल्या. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सात राज्यांच्या हद्दीत केंद्र सरकारकडे, म्हणजे उत्तरेकडे, उरलेल्या मोजक्या ठाण्यांपैकी हा एक किल्ला. रसद संपत आलेली होती. दुसऱ्याच दिवशी किल्ल्याचा प्रमुख मेजर अँडरसनने तो सोडायचे कबूल केले. भडिमारात एकही माणूस दगावला नाही. पण राष्ट्राध्यक्ष लिंकनने ९० दिवसांसाठी ७५,००० सैनिक मागवले आणि व्हर्जिनियासह आणखी चार राज्ये दक्षिणेला जाऊन मिळाली.

मुदत संपायच्या आत काहीतरी करून दाखवा, हा दबाव उत्तरेचा सेनानी मॅकडॉवेलवर आला. २१ जुलैला बुल रन ओढ्याकाठी लढाई झाली. वॉशिंग्टनहून हौशी मंडळी खाण्याचे डबे घेऊन ती बघायला आली होती! दुपारपर्यंत उत्तरेची सरशी होती. मग दक्षिणेच्या जॅक्सनच्या ब्रिगेडने टेकडी सोडली नाही, रेल्वेने दक्षिणेची ताजी कुमक आली आणि उत्तरेची माघार पळापळीत बदलली.

लिंकनने १९ एप्रिललाच दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली होती. किनारा साडेपाच हजार किलोमीटरचा, जहाजे जेमतेम ९०, त्यांतलीही बरीच निकामी. सुरुवातीला ती कागदावरच होती. नोव्हेंबरात साउथ कॅरोलायनाचे पोर्ट रॉयल बंदर हाती आल्यावर उत्तरेच्या आरमाराला दक्षिणेत तळ मिळाला. कापूस अडकला तशा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या मुंबईकडे वळल्या. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच तिथला शेअर बाजार कोसळला.

पश्चिमेत नद्या हेच रस्ते होते. ६ फेब्रुवारी १८६२ला उत्तरेचा आरमारी अधिकारी फूट याच्या गनबोटींनी टेनेसी नदीवरचा फोर्ट हेन्री जिंकला. पुराचे पाणी किल्ल्यातच शिरले होते. दहा दिवसांनी उत्तरेचा सेनानी ग्रँटने जवळचा फोर्ट डोनल्सन घेतला आणि महिना संपण्याआधी टेनेसीची राजधानी नॅशव्हिल पडली. एप्रिलमध्ये टेनेसीतच शायलोच्या लढाईत दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून २३,०००हून अधिक सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. युद्ध लवकर आटोपेल ही आशा तिथे संपली.

व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या हॅम्प्टन रोड्सची गोष्ट तर विलक्षण. उत्तरेने नॉरफोकची गोदी सोडताना जाळलेले मेरिमॅक जहाज दक्षिणेने वर काढले, त्यावर लोखंडी चिलखत चढवले आणि नाव ठेवले व्हर्जिनिया. ८ मार्चला त्याने उत्तरेच्या कंबरलँड जहाजाला धडक देऊन बुडवले, काँग्रेस या जहाजाला आग लावली. दोनशेहून जास्त खलाशी गेले. दुसऱ्या सकाळी समोर उभे होते एरिक्सनने घडवलेले उत्तरेचे चिलखती जहाज मॉनिटर, फिरत्या बुरुजात दोन तोफा असलेले. चारेक तास गोळे आदळत राहिले, हरले कोणीच नाही. पण नाकेबंदी तुटली नाही, आणि दक्षिणेला तर ती तोडायचीच होती.

२४ एप्रिलला उत्तरेचा आरमारी सेनानी फॅरागट रात्रीच्या अंधारात दोन किल्ल्यांच्या तोफांमधून मिसिसिपीत घुसला. दक्षिणेचे सर्वांत मोठे शहर न्यू ऑर्लीन्स गेले. मेमध्ये दक्षिणेला नॉरफोक सोडावे लागले तेव्हा व्हर्जिनिया तिच्याच खलाशांनी उडवून दिली.