कॉर्टिसोल वाढतं, भार हृदयावर येतो

पस्तिशीतलं बीपी तीन-तीन गोळ्यांना दाद देत नाही. चेहरा गोल, पोट सुटलेलं, हातपाय मात्र काटकुळे. जरा धक्का लागला की काळेनिळे डाग आणि पोटावर सेंटिमीटरभर रुंद जांभळे पट्टे. असा रुग्ण दिसला की कुशिंग सिंड्रोमची, म्हणजे कॉर्टिसोल हे संप्रेरक शरीरात दीर्घकाळ जास्त राहिल्याने होणाऱ्या आजाराची, शंका घ्यावीच. या आजाराच्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के जणांचं बीपी वाढलेलं असतं.

का वाढतं? किडनीला ‘मीठ राखून ठेव’ असं सांगण्याचं काम अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचं. कॉर्टिसोलही त्याच्याच कुलपात, म्हणजे पेशीतल्या रिसेप्टरमध्ये, चपखल बसतं, आणि रक्तात ते शेकडो पट जास्त असतं. तरी एरवी घोटाळा होत नाही, कारण किडनीच्या पेशीतलं एक विकर कॉर्टिसोलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. कॉर्टिसोलचा पूर आला की हा पहारेकरी अपुरा पडतो. मग सोडियम साचतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. (महिनोन्‌महिने भरपूर ज्येष्ठमध खाल्ल्यानेही बीपी चढतं, तेही याच विकराला खीळ बसल्यामुळे.)

रात्री झोपेत बीपी थोडं उतरायला हवं, ते या रुग्णांत अनेकदा उतरत नाही. हृदयाला विसावा मिळत नाही. डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची) भिंत जाड आणि ताठ होते. ती आकुंचन पावते नीट, पण सैल पडून भरताना अडते. म्हणून इकोच्या रिपोर्टात पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल, लिहिलेलं असतं आणि माणसाला जिना चढताना धाप लागते. अशा वेळी नुसता पंपिंगचा आकडा पाहून निश्चिंत होणं चूक आहे.

रक्तातलं पोटॅशियम ३ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या खाली गेलं की ठोके चुकायला लागतात. बीपीसाठी थायझाइड गटातली (लघवी वाढवणारी) गोळी चालू असेल तर ते आणखी घसरतं. त्याउलट स्पायरोनोलॅक्टोन हे औषध अल्डोस्टेरॉनचं ते कुलूपच अडवतं. शिवाय रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते, आणि हा धोका शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे टिकतो.

तपासणी सोपी आहे. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (एरवी कॉर्टिसोल खाली आणणारं कृत्रिम स्टेरॉइड) घ्यायचं, सकाळी ८ ला रक्त द्यायचं. कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त राहिलं तर पुढचा शोध घ्यायचा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसतो, म्हणून निदान एका चाचणीवर कधीच करत नाहीत.

पिच्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) किंवा अ‍ॅड्रिनल (किडनीवरची, कॉर्टिसोल बनवणारी ग्रंथी) यांच्यातली गाठ हे कारण तसं विरळाच. बहुतेकांच्या बाबतीत दोष असतो तो दम्यासाठी, सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडचा, कधी कधी नाव न लिहिलेल्या पुडीतल्या स्टेरॉइडचा. हे कळल्यावर गोळी एकदम बंद करू नये. स्वतःची अ‍ॅड्रिनल ग्रंथी तोवर निजलेली असते. तिला जाग येईपर्यंत डोस हळूहळू उतरवावा लागतो, नाहीतर आधी चढलेलं तेच बीपी धोकादायकरीत्या कोसळतं.