नैराश्य वेगळे, अर्थशून्यता वेगळी

कोल्हापुरात एखाद्याने चारचौघांत ‘अलीकडे कशात मन लागत नाही’ असे म्हटले, की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे ‘सकाळी उठून रंकाळ्याला फेरी मार’ आणि दुसरा म्हणजे ‘स्वतःला कशात तरी झोकून दे, चार लोकांच्या उपयोगी पड, मग जगण्याला अर्थ येईल’. हे दोन्ही सल्ले मुळात वाईट नाहीत; पण जो ज्याला द्यायचा तो त्याला न देता नेमका दुसऱ्याला दिला जातो आणि ऐकणारा आधी होता त्याहून अधिक खचून घरी जातो. नैराश्य आणि अर्थशून्यता यांची ही गल्लत इतक्या वेळा ऐकायला मिळते, की आता ती शांतपणे लिहून काढलेली बरी.

नैराश्याच्या लक्षणांची यादी वाचकाने कुठे ना कुठे वाचलेली असते, म्हणून ती लवकर उरकतो. सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, मन उदास राहणे किंवा नेहमीच्या गोष्टींतला रस निघून जाणे, यांपैकी एक तरी असावेच लागते. त्याच्या जोडीला झोप आणि भूक बिघडणे, थकवा, एकाग्रता न होणे, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, अपराधीपणा आणि मरणाचे विचार. अशा नऊ लक्षणांपैकी पाच असली आणि त्यांमुळे रोजचे व्यवहार अडू लागले, की डॉक्टर नैराश्याच्या आजाराचा विचार करतात. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी यासाठीच वापरतात. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा अधिक गुण आले तर तपासणी करून घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. मोबाइलवर ती स्वतःच सोडवून स्वतःला आजारी ठरवू नये. थायरॉइड मंदावणे, बी-१२ची कमतरता आणि रक्तक्षय यांतही असाच थकवा व उदासी येते, त्यामुळे रक्ततपासणी आधी करावी.

अर्थशून्यता मात्र आजारांच्या कोणत्याही यादीत नाही. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) यांनी ती आयुष्यभर अभ्यासली. आपल्या जगण्याला काही अर्थ आहे का, ही चिंता माणसाला छळू शकते, पण ती स्वतः आजार नव्हे, असे त्यांचे आग्रहाचे म्हणणे होते. आठवड्याची धावपळ थांबून रविवार उजाडला की अनेकांना आतली पोकळी जाणवते, हेही त्यांनीच नोंदवले. नोकरीतून निवृत्त झालेल्यांना, मुले पुण्या-बंगळूरला गेलेल्या आईवडिलांना आणि हवे होते ते सगळे चाळिशीतच मिळवून बसलेल्यांना हा रविवार आठवडाभर पुरतो.

आता खरा घोटाळा. दोन्ही माणसे एकच वाक्य बोलतात: ‘कशातच काही अर्थ नाही.’ ऐकणारा त्या वाक्यावरूनच निदान करतो, आणि ते करताना सर्वांत चुकीची कसोटी लावतो. ती कसोटी कारणाची. दुःखाला कारण दिसले तर ‘साहजिक आहे, होईल कमी’, आणि कारण दिसले नाही तर ‘एवढे सगळे असून याला झालंय तरी काय’. यांपैकी दुसऱ्या वाक्याचा मला विशेष तिटकारा आहे, कारण ते बोलणाऱ्याला आपण समजूत काढतो आहोत असे वाटते आणि ऐकणाऱ्याच्या अपराधीपणात मात्र आणखी एक भर पडते. ऑगस्ट २०१९ मध्ये शाहूपुरीत पाणी शिरले, तेव्हा ज्यांचा माल भिजला त्यांच्या दुःखाचे कारण साऱ्या गावाला दिसत होते. पण कारण दिसते म्हणून त्या दुःखाचे पुढे आजारात रूपांतर होत नाही, असे नाही. उलट घर, पगार, मुले, तब्येत सगळे ठीक असणाऱ्यालाही नैराश्य येते. कारण असणे-नसणे ही कसोटीच नव्हे.

मग कसोटी कोणती? चांगली गोष्ट समोर आली तर ती आत पोहोचते का, हे पाहावे. उदाहरणादाखल दोन माणसे घेऊ. पहिल्याचे उद्यमनगरात लेथचे वर्कशॉप आहे. ऑर्डरी आहेत, कामगार जुने आहेत. तरी तो पहाटे साडेतीनला जागा होतो, मग झोप लागत नाही, सकाळ सर्वांत जड जाते आणि दुपारनंतर किंचित हलके वाटते. रविवारी घरी तांबडा-पांढरा रस्सा होतो, तो ताटावर बसतो, चार घास खातो आणि बायकोने ‘तिखट झालंय का?’ विचारले तर काय सांगावे हे त्याला कळत नाही, कारण तिखट की अळणी हे त्याने पाहिलेलेच नसते. मुलीला बारावीला चांगले गुण मिळाले, पेढे वाटले, पण ‘आपल्याला आनंद का होत नाही’ याच विचाराने त्याला त्या दिवशी अधिक वाईट वाटले. तो ‘काही अर्थ नाही’ म्हणतो तेव्हा त्यात प्रश्न नसतो, निकाल असतो. आणि तो निकाल मागच्या काळालाही लागू होतो. लग्न, धंदा, बापाची सेवा, सगळे व्यर्थ, आणि मुख्य म्हणजे ‘मीच निरुपयोगी’.

दुसरा राजारामपुरीत राहणारा, बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी आहे. तो मिसळ चवीने खातो आणि कट कमी पडला तर पुन्हा मागतो. पेठांच्या तालमींच्या फुटबॉल सामन्याला गेला तर पंचाच्या निर्णयावर घसा बसेपर्यंत भांडतो. झोप बरी लागते. पण रात्री जेवणानंतर हात धुताना त्याला वाटते, की बत्तीस वर्षे आपण व्हाउचरे तपासली, आता ती कुठल्या गोदामात असतील, आणि आपण नसतो तर नेमके काय अडले असते? तोही ‘काही अर्थ नाही’ म्हणतो, पण त्याच्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते. तो स्वतःला नालायक ठरवत नाही. आपल्या जगण्याच्या मांडणीवर त्याला शंका आहे.

पहिल्याची चव गेली आहे. दुसऱ्याची चव शाबूत आहे, पण ती कशासाठी हे त्याला कळेनासे झाले आहे. हा फरक पकडला की बाकीचे पुष्कळसे आपोआप उलगडते. एक सावधगिरी मात्र हवी: काही जणांच्या नैराश्यात चांगली बातमी आली की मन तात्पुरते उजळते, आणि अशांना भूक व झोप कमी नव्हे, जास्त लागते. म्हणून ‘काल तर हसत होता’ हा आजार नसल्याचा पुरावा कधीच धरू नये. शरीर, कामाची क्षमता आणि किती आठवडे हे चालले आहे, ही तिन्ही सोबत पाहावी लागतात.

उपाय उलटे पडतात ते याच ठिकाणी. पहिल्या माणसाला ‘जगण्याचा हेतू शोध’ म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला डोंगर निवडायला सांगणे. हेतू शोधायला लागणारी उमेदच त्याच्या आजाराने नेलेली असते. तो शोधायला जातो, सापडत नाही, आणि अपयशांच्या यादीत आणखी एक नोंद होते. त्याच्यासाठी क्रम उलटा हवा, म्हणजे आधी कृती आणि मग मन. मन लागेल तेव्हा काम, असे न ठेवता घड्याळाप्रमाणे काम ठेवायचे, आणि ते हास्यास्पद वाटेल इतके लहान ठेवायचे: नऊ वाजता वर्कशॉपचे शटर उघडायचे आणि दहा मिनिटे बसायचे, बस्स. काम करण्याआधी आणि नंतर मन दहापैकी किती होते हे डायरीत लिहायचे, कारण नैराश्यातले मन ‘काहीच फरक पडत नाही’ असे खोटे सांगते आणि लिहिलेला आकडा त्याला उत्तर देतो. रंकाळ्याची फेरी या माणसासाठी आहे, पण हवापाण्याचे कौतुक म्हणून नव्हे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मित्राबरोबर, मन नसतानाही.

ही पद्धत घरगुती नुस्खा नाही. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर तिचा अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक साधी माणसे होती, आणि बैठका सहा ते आठ. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांबरोबर या बैठका मिळालेल्यांत सुमारे ६४ टक्के जण आजाराच्या पातळीबाहेर आले होते, तर त्या न मिळालेल्यांत सुमारे ३९ टक्के. आजार तीव्र असेल तर औषधेही लागतात. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात, आणि बरे वाटल्यावरही ती साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवावी लागतात. ‘गोळ्यांची सवय लागते’ म्हणून ती आठव्या दिवशी बंद करणारे, आणि त्याच वेळी संध्याकाळची ‘थोडी’ मात्र चालू ठेवणारे, यांच्यापुढे मी हात टेकले आहेत. सवय दारूची लागते, आणि ती नैराश्य वाढवते. ही औषधे दारूसारखी व्यसन लावत नाहीत. एकाएकी सोडल्यास त्रास होतो, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायची असतात.

दुसऱ्या माणसाला हेच वेळापत्रक दिले, तर तो ते चोख पाळेल, बत्तीस वर्षे त्याने तेच केले आहे, आणि महिनाभराने विचारेल की हे कशासाठी? त्याला कामांची कमतरता नाही. त्याची गरज अशी, की आपल्यावाचून अडेल अशी एखादी ठोस जबाबदारी, आणि तिच्या पलीकडे खरा माणूस असावा. फ्रँकल यांच्या मते अर्थ तीन वाटांनी येतो: काही घडवून किंवा करून, कुणावर प्रेम करून किंवा सौंदर्याचा अनुभव घेऊन, आणि टाळता न येणारे दुःख कसे सोसायचे हे ठरवून. तिसरी वाट लोक फार लवकर दुसऱ्यांना दाखवतात. ती स्वतःसाठीच वापरावी. आपल्या निवृत्त अधिकाऱ्याने नोव्हेंबरात गल्लीतल्या म्हाताऱ्या पेन्शनरांचे हयातीचे दाखले भरून देणे सुरू केले, तर त्याचा मूळ प्रश्न सुटणार नाही, आणि तो सुटावा असेही नाही. पण एखादी आजी पुढच्या वर्षी कागद घेऊन त्याच्याच दारात येईल, हे त्याला ठाऊक असेल. ‘रोज पाच गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहा’ हा सर्वांना सरसकट दिला जाणारा सल्ला दोघांच्याही कामाचा नाही, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही एकत्र असणेही सामान्य आहे. तेव्हा क्रम ठरलेला: आधी आजाराचा उपचार, मग अर्थाचा प्रश्न. राजीनामा, घटस्फोट, धंदा विकणे असे निर्णय नैराश्य उतरेपर्यंत शक्यतो लांबवावेत, कारण त्या काळात जो निष्कर्ष अत्यंत स्वच्छ दिसतो तो पुष्कळदा आजाराने काढलेला असतो. उपचारानंतरही प्रश्न उरला, तर तो खरा प्रश्न समजावा आणि गोळीचा डोस वाढवून त्याचे उत्तर मागू नये.

मरणाचा विचार मनात येत असेल, तर मात्र हा सगळा भेद बाजूला ठेवावा. ते नैराश्य आहे की अर्थशून्यता, हे ठरवत बसायची ती वेळ नव्हे. घरातल्या माणसाला त्याच दिवशी सांगावे, त्याला एकटे ठेवू नये, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. जिवाला तातडीचा धोका वाटत असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा जवळच्या कोणत्याही रुग्णालयात थेट न्यावे. ‘असे विचार येतात का?’ असे सरळ विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. उलट विचारले गेल्याने बहुतेकांना मोकळे वाटते.

डॉक्टरांकडे जाताना ‘कशात अर्थ वाटत नाही’ एवढेच सांगू नये, कारण त्या वाक्यावरून त्यांनाही फार काही कळत नाही. किती वाजता जाग येते, जेवणाची चव लागते का, कोणते काम किती दिवसांपासून अडले आहे, शेवटचे मनापासून हसू कधी आले, हे सांगावे. आणि सोबत आलेल्या काकांना किंवा भावजींना पहिली दहा मिनिटे बाहेर बाकड्यावर बसवावे. ते आत आले की ‘काही नाही हो डॉक्टर, विचार फार करतो’ हे वाक्य पेशंटच्या आधी तेच बोलून टाकतात.