बाराला सूर्य डोक्यावर नसतो

‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो.’ चौथीतल्या माझ्या भाचीचं हे वाक्य तोंडपाठ होतं. नाताळच्या सुट्टीत ती कोथरूडला आमच्याकडे आली, तेव्हा मी एवढंच म्हणालो, “चल, गच्चीवर जाऊन बघू.”

रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात पीव्हीसी पाइप रोवला, जमिनीपासून टोकापर्यंत बरोबर एक मीटर. दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि पाइप कुठे कलत नाही ना, ते दोन बाजूंनी पाहिलं. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण. बारा वाजले तरी सावली चांगली 93 सेंटिमीटर होती, आणि अजून आखडत होती. सगळ्यात आखूड झाली ती 12:35च्या सुमारास, तीही 90 सेंटिमीटरच.

“मामा, तुझं घड्याळ पुढे आहे.”

घड्याळ बरोबर होतं. पण कारण मी लगेच सांगितलं नाही. मुलांना विज्ञानाची गोडी लागत नाही, याचा बराचसा दोष आपल्या उत्तरं द्यायच्या घाईला आहे, असं माझं मत आहे. दोन दिवस तिने मला भंडावून सोडलं, मग नकाशा उघडला. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या. पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणून आपली खरी दुपार साधारण 35 मिनिटं उशिरा होते. (त्यातही वर्षभरात मागेपुढे होतं: नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:18, तर फेब्रुवारीच्या मध्यात 12:49. पृथ्वीचा कललेला आस आणि लंबवर्तुळाकार कक्षा यांची ही करामत. हे तिला सांगितलं नाही. पुढच्या सुट्टीला काहीतरी हवं.)

हल्ली ‘सायन्स किट’ महागड्या खोक्यांत मिळतात. एकदा जोडलं की संपलं. त्यापेक्षा पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथली खेळणी बघावीत. अरविंद गुप्तांनी तिथे अनेक वर्षं काम केलं. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यात ते घनापासून घरापर्यंत काहीही उभं करायचे. मोडलं तर मोडलं, परत जोडता येतं.

मे महिन्यात पाइप पुन्हा बाहेर निघाला. 13-14 मेच्या सुमारास पुण्यावर सूर्य अगदी माथ्यावर येतो. (जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांपुढे कोणाचं चालत नाही.) पाय भाजत होते म्हणून पोतं अंथरलं. साडेबाराच्या सुमारास पाइपची सावली डब्यात शिरली आणि नाहीशी झाली. त्याच वेळी भाचीची आत्या कोल्हापुरात तशाच पाइपपाशी पट्टी घेऊन बसली होती. कोल्हापूर पुण्याच्या जवळपास थेट दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे 200 किलोमीटर. सूर्य तिथून थोडा उत्तरेला दिसत होता, त्यामुळे सावली दक्षिणेकडे पडली. साडेतीन सेंटिमीटर.

सूर्यकिरण दोन्हीकडे समांतरच येतात. मग सावली पडते ती जमीन गोल असल्यामुळे: पुण्याच्या तुलनेत कोल्हापूरचा पाइप तेवढा कललेला असतो. पाइप ही त्रिज्या धरली, तर एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ 628 सेंटिमीटर. त्यात साडेतीन सुमारे 179 वेळा बसतात. म्हणजे 200 किलोमीटरही पृथ्वीच्या घेरात तितक्याच वेळा बसायला हवेत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि सायीन या दोन गावांच्या सावल्यांवरून हेच गणित केलं होतं. त्याचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग होता, आमचा त्याहून कितीतरी बारीक.

भाचीचा गुणाकार आला 35,800 किलोमीटर. खरा घेर 40,000च्या आसपास. ती फुरंगटली. मग पाइपच्या टोकाजवळ हात धरून हाताची सावली न्याहाळत बसली. कड स्पष्ट नव्हती, काळ्याकडून उन्हाकडे विरघळत गेली होती. सूर्य हा ठिपका नाही, अर्धा अंश रुंद तबकडी आहे, त्यामुळे एक मीटरवरून पडणाऱ्या सावलीची कड जवळजवळ एक सेंटिमीटरभर धूसर होते. सावली तीन सेंटिमीटर धरली असती, तर उत्तर 41,800वर गेलं असतं.

तिने फोन उचलला. “आत्या, तू काळ्यापर्यंत मोजलंस की करड्यापर्यंत?”