इंटरनेट दूरध्वनी केंद्र, लघुकार्यालयीन

चार ते पंधरा माणसांच्या कार्यालयातील आपापसांतली आणि बाहेरची बोलणी लॅन (कार्यालयातले संगणक जाळे) व इंटरनेटवरून जोडून देणारी, कार्यालयाने स्वतः जुळवलेली यंत्रणा. भिंतीवरच्या ईपीएबीएक्स (कार्यालयातले छोटे दूरध्वनी केंद्र) पेटीचे काम येथे एक संगणक व त्यावरील मुक्त आज्ञावली (कोणालाही वापरता व बदलता येणारे सॉफ्टवेअर) करते. मराठवाड्यातील आडत दुकाने, बियाणे विक्रेते, शिकवणी वर्ग, कर सल्लागार अशा ठिकाणी ती उपयोगी पडते. बोलण्यात मात्र ‘इंटरकॉम’ हे जुनेच नाव चालते.

पूर्वपीठिका : आवाजाचे तुकडे करून ते संगणक जाळ्यावरून पाठवण्याचा आरंभ नेमका कधीचा, यावर मतभेद आहे. डॅनी कोहेन यांच्या नेटवर्क व्हॉइस प्रोटोकॉलचा दस्तऐवज (आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतील, क्र. ७४१, १९७७) ही पद्धत डिसेंबर १९७३ मध्ये प्रथम चालवून पाहिल्याचे सांगतो. नंतरचे इतिहासलेखन अर्पानेट या इंटरनेटपूर्व अमेरिकी जाळ्यावरील पहिले संभाषण १९७४ मध्ये धरते. पहिली तारीख प्राथमिक चाचणीची व दुसरी दोन दूरच्या प्रयोगशाळांतील प्रत्यक्ष बोलण्याची असावी, असे मानले तर दोन्हींचा मेळ बसतो. व्हॉकलटेक कंपनीचा ‘इंटरनेट फोन’ (१९९५) पहिला म्हणून सांगितला जातो, ते फार तर विक्रीच्या अर्थाने खरे.

जोडणीची आजची भाषा म्हणजे सिप, कॉल सुरू करण्याचे व संपवण्याचे नियम. तिचे पहिले प्रमाणित रूप मार्च १९९९ चे (आरएफसी २५४३) आणि प्रचलित रूप जून २००२ चे (आरएफसी ३२६१). मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये लिहायला घेतलेली एस्टेरिस्क ही आज्ञावली स्वतः जुळवलेल्या बहुतेक केंद्रांच्या मुळाशी आहे. तिचे श्रेय एकट्या स्पेन्सर यांना देण्याची प्रथा पडली असली, तरी जिम डिक्सन यांच्या झपाटा प्रकल्पातील कार्डांमुळेच ती तांब्याच्या तारेशी नीट जोडली गेली, हे विसरता येत नाही. (हे नाव मेक्सिकन क्रांतिकारक एमिलियानो झपाटा यांच्यावरून आले आहे, मराठी ‘झपाट्या’शी त्याचा संबंध नाही.)

भारतात इंटरनेट दूरध्वनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली आणि जून २०१८ मध्ये ती परवानाधारक कंपन्यांसाठी विस्तारली. कार्यालयातील अंतर्गत बोलणी हा ज्याचा त्याचा प्रश्न. बाहेरची लाइन मात्र परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी लागते. सिमकार्डांच्या पेट्या लावून परदेशी कॉल स्थानिक म्हणून उतरवणे हा गुन्हा आहे. अशा बेकायदा एक्स्चेंजवर २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यात छापे पडले होते.

सामग्री व उभारणी : आठ फोनांसाठी ४ जीबी रॅम व एसएसडी असलेला जुना डेस्कटॉप पुरतो. रास्पबेरी पायही चालतो, पण सततच्या नोंदींमुळे त्याचे मेमरी कार्ड लवकर जाते. आठ पोर्टचा पीओई स्विच (केबलमधूनच फोनला वीजही देणारा; ८०२.३एएफ प्रमाण, प्रत्येक पोर्टला १५.४ वॅटपर्यंत), आयपी फोन आणि जुने साधे फोन ठेवायचे असल्यास दोन पोर्टचा एटीए (साधा फोन जाळ्याला जोडणारी पेटी) घ्यावा. केबल अस्सल तांब्याची, १०० मीटरच्या आत असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर तिच्यात विजेचा दाब घटतो आणि फोन मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होतात.

डेबियन १२ या लिनक्स प्रणालीत एस्टेरिस्कचे तयार पॅकेज नाही. त्यावर फ्रीपीबीएक्स १७ (एस्टेरिस्क ब्राउझरमधून चालवण्याची आज्ञावली) त्याच्या स्वतःच्या स्क्रिप्टने बसवणे सोपे. जुन्या मार्गदर्शिकांतील ‘चॅन-सिप’ या सिप हाताळणाऱ्या भागाची रचना उतरवून घेऊ नये, एस्टेरिस्क २१ पासून ती काढून टाकली आहे, आता ‘पीजेसिप’ वापरावे. संगणकाला कायमचा अंतर्गत पत्ता द्यावा, मग एक्स्टेंशने (प्रत्येक फोनचे अंतर्गत क्रमांक) उघडावीत. ती १ ने सुरू करू नयेत, कारण १०८ व ११२ हे तातडीचे क्रमांक आहेत आणि ते शून्य न लावताही लागले पाहिजेत. २०१ पासून सुरुवात व बाहेरच्या लाइनसाठी ०, ही जुन्या ईपीएबीएक्सची सवय कायम ठेवणे सोयीचे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लागते. म्हणजे लाइनसाठी एक आणि मोबाइलसाठी एक, अशी दोन शून्ये होतात. हे डायल प्लॅनमध्ये (कोणता क्रमांक कुठे लावायचा त्या नियमांत) न लिहिल्याने ‘लोकल लागतो, मोबाइल लागत नाही’ ही तक्रार येते.

पहिली तपासणी *४३ या प्रतिध्वनी चाचणीने करावी. स्वागताचा आवाज ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असा ध्वनिमुद्रित करावा. मराठीत आकडे बोलवायचे असतील तर १ ते ९९ सगळे वेगवेगळे ध्वनिमुद्रित करावे लागतात. एकोणतीस, सदतीस हे शब्द जोडून बनत नाहीत.

तांब्याची लाइन : जुनी लँडलाइन जोडायला एफएक्सओ गेटवे (तांब्याची लाइन सिपशी जोडणारी पेटी) लागतो. त्यातच सर्वांत जास्त वेळ जातो. पलीकडच्याने फोन ठेवला हे गेटवेला कळत नाही आणि लाइन तासन्‌तास अडकून राहते. कारण गेटवे हे एंगेज टोनवरून ओळखतो आणि तो कारखान्यातून बहुधा अमेरिकी सुरांवर येतो : एंगेज टोन ४८० व ६२० हर्ट्झ, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. भारतीय एंगेज टोन ४०० हर्ट्झ, ७५० मिलिसेकंद चालू, तेवढाच बंद. देश ‘भारत’ निवडून हे आकडे तपासावेत. एक्स्चेंजकडून ध्रुवता-बदल (फोन ठेवल्यावर लाइनच्या धन-ऋण टोकांची अदलाबदल) मिळत असेल तर तो घ्यावा, तो सुरांपेक्षा विश्वासार्ह. संगणकात थेट कार्ड बसवले असल्यास, फोन करणाऱ्याचा नंबर दिसत नसेल तर कॉलर आयडी ‘डीटीएमएफ’ (बटणांचे सूर) व आरंभ ‘पोलॅरिटी-आयएन’ ठेवून पाहावे.

इंटरनेटवरील दोष : जी.७११ या संकेतनात (आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीत) एका बोलण्याला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात, म्हणून चार बोलण्यांना ३५० केबीपीएस. आकडा लहान आहे. तरी कोणी निविदेची मोठी फाइल चढवू लागले की आवाज तुटतो, कारण राउटरच्या रांगेत आवाजाचे तुकडे मागे अडकतात. अपलोड खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधून आवाजाला अग्रक्रम द्यावा.

एकाच बाजूचा आवाज येणे हे नॅटचे (राउटर आतले पत्ते बदलून एकाच बाहेरच्या पत्त्याने बोलतो, त्याचे) लक्षण. राउटरमधील ‘सिप एएलजी’ (सिपचे संदेश परस्पर बदलणारी सोय) आधी बंद करावे, मग बाहेरचा पत्ता व आवाज वाहणारी आरटीपी पोर्ट (१०००० ते २००००) तपासावेत. बरोबर ३२ सेकंदांनी तुटणारा कॉल म्हणजे उत्तराची पोच परत पोहोचत नाही. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला तर जोडणी सामायिक नॅटच्या मागे आहे : नोंदणी पद्धतीची सिप ट्रंक (केंद्राने स्वतः कंपनीकडे नोंदणी करून घेतलेली इंटरनेटवरची बाहेरची लाइन) तेथे बहुधा चालते, पण घरून जोडायची एक्स्टेंशने आत येत नाहीत. सिपचे ५०६० पोर्ट जगासाठी उघडे आणि पासवर्ड २०१ला २०१ असा ठेवला, तर परदेशी कॉलचे बिल येण्यास फार दिवस लागत नाहीत. चुकीचे पासवर्ड देणाऱ्या पत्त्यांना अडवणारे फेल२बॅन बसवावे व आंतरराष्ट्रीय कॉल मुळातच बंद ठेवावेत.

वीज व उन्हाळा : संगणक, स्विच, राउटर आणि फायबरचा ओएनटी (फायबर ज्यात येते ती पेटी) हे सगळे एकाच यूपीएसवर हवेत, भारनियमनात ओएनटीच विसरला जातो. काळ्या जमिनीत मे महिन्यात भेगा पडतात व अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावे. मृगाच्या आधीच्या विजांत तांब्याची लाइन असलेला एफएक्सओ आधी जळतो. ढग गडगडू लागले की त्याची तार काढून ठेवावी. फायबरला ती गरज नाही.