भाव बघून लावलेली पदवी

जुलैतली दुपार. सांगलीत विश्रामबागेतलं एक नेट कॅफे. बाहेर रिपरिप, आत तीन कम्प्युटर आणि पंधरा माणसं. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायची मुदत संपत आलेली. कवठेमहांकाळकडून आलेल्या एक बाई पिशवीतून लेकीचं स्कोअर कार्ड काढत कॅफेवाल्या पोराला सांगत होत्या, "दादा, कम्प्युटर सगळ्यात वर घाला. त्याच्याखाली ते एआय का काय ते. इलेक्ट्रिकल पार तळाला." लेक हळूच म्हणाली, "आई, इलेक्ट्रिकल जवळच्या कॉलेजात मिळतंय मला." बाई फणकारल्या, "मिळतंय म्हणून घेतात होय?"

मी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेलो होतो, पण ते वाक्य घेऊन परत आलो. कारण सांगली-साताऱ्याचा शंभर वर्षांचा शिक्षणाचा इतिहास बघितला तर त्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. होय, मिळतंय म्हणूनच घेतात. निदान बराच काळ तसंच चाललं. कुठली पदवी घ्यावी हा प्रश्नच नव्हता. जवळ कॉलेज कुठलं निघालंय, तिथवर एसटी जाते का आणि फी झेपते का, एवढ्यावर पोराचं आयुष्य ठरायचं. पुढं निवड करायची सोय झाली तेव्हा आपण ती आल्याच्या लागवडीसारखी केली. कोरेगाव भागात ज्या वर्षी आल्याच्या गाडीला सोन्याचा भाव मिळतो, त्याच्या पुढच्या वर्षी ज्याच्या त्याच्या रानात आलंच. मग काढणीला भाव काय असणार ते सांगायला नको.

सुरुवात १९१९ पासून करू, कारण त्या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगली आणि मिरजेच्या मध्ये विलिंग्डन कॉलेज काढलं. आणि कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. त्याआधी इथल्या पोराला बी.ए. व्हायचं तर पुण्याला फर्ग्युसन किंवा कोल्हापूरला राजाराम कॉलेज गाठावं लागे. म्हणजे पुण्यात कुणाकडं राहायची-जेवायची सोय असेल तोच शिकणार. विलिंग्डन निघालं आणि संस्थानी मुलखातल्या, त्यातही आधीपासून शिकत आलेल्या घरांतल्या पोरांचा हा खर्च वाचला. बी.ए. झालं की पुढं वाटा मोजून तीन: वकिली, मास्तरकी, सरकारी कचेरी. विषय संस्कृत होता की इतिहास, याला नोकरीच्या बाजारात फारशी किंमत नव्हती. 'बी.ए.' या दोन अक्षरांनाच होती. नावापुढं ती लावून दारावर पाटी ठोकायचे लोक.

भाऊराव स्वतः पदवीधर नव्हते. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव फिरले होते. ते नांगर ज्या किर्लोस्करवाडीत तयार व्हायचे ती १९१० मध्ये वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्करही इंजिनिअर नव्हते. मुंबईत चित्रकला शिकलेला माणूस. त्यांचे चिरंजीव शंतनुराव मात्र अमेरिकेत एमआयटीला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आले. नांगर घडवणारा आणि नांगर विकणारा, दोघांनाही पदवी नाही, आणि आज या दोन जिल्ह्यांत पोराला इंजिनिअर करायचं म्हणून बाप रान गहाण टाकतो. ही गंमत मला नेहमी अस्वस्थ करते. पण यावरून 'पदवीवाचून काही अडत नाही' असं म्हणायचा मोह आवरायला हवा. कारण पदवीवाचून कुणाचं अडतं हे भाऊरावांइतकं कुणालाच कळलं नव्हतं. १९४७ च्या जूनमध्ये त्यांनी साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका' या बोलीवर. पोरांनी खडी फोडायची, शेतात राबायचं, आणि त्यातूनच जेवण आणि फी भागवायची. ज्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी शाळेचा उंबरा चढला नव्हता, तो पोरगा इथं बी.ए. झाला. त्याला अर्थशास्त्र आवडत होतं की मराठी, हे विचारायला कुणी बसलेलं नव्हतं. रयतच्याच शाळा वाढत होत्या, तिथं मास्तर लागत होते. पदवी मिळाली की हातात खडू. त्या पिढीचं सगळं अर्थकारण एवढ्यात आटोपलं, आणि ते उत्तम चाललं.

त्याच १९४७ साली सांगलीत धोंडूमामा साठ्यांच्या पुढाकारानं न्यू इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. तोवर इंजिनिअर व्हायचं म्हणजे पुण्याच्या सरकारी कॉलेजात किंवा मुंबईला जायचं. इथं आधी फक्त सिव्हिल होतं. १९५५ मध्ये मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलची भर पडली आणि मोठ्या देणगीमुळं वालचंद हिराचंदांचं नाव लागलं. सिव्हिलपासून सुरुवात झाली याला काळ कारण होता. नव्या देशात धरणं, कालवे, रस्ते बांधायचे होते, आणि पाटणला कोयनेचं काम तर घरासमोरच चाललं होतं. बांधकाम खातं आणि पाटबंधारे खातं सिव्हिलवाल्याला पास व्हायच्या आतच हेरत होतं. डिप्लोमावाला ओव्हरसीयर झाला तरी गावात त्याला 'साहेब' म्हणत. इंजिनिअर या शब्दाला आपल्याकडं जे वजन आलं ते याच दिवसांत. पुढं १९६० मध्ये कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, १९६२ मध्ये मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज. मिरजेत मेडिकल निघणं ओघानंच आलं, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना सुरू केला तेव्हापासून मिरज हे दुखणाइतांचं गाव झालेलं होतं.

याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींत पाटणच्या बाळासाहेब देसाईंचा हात होता. शिक्षणमंत्री असताना त्यांनी ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, सवलत आणली: वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पोराला फी माफ, जात कुठलीही असो. दुसरी म्हणजे शिवाजी विद्यापीठ. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापूरला विद्यापीठ झालं आणि सांगली-साताऱ्याच्या पोरांना पुणे विद्यापीठाच्या कागदांसाठी माराव्या लागणाऱ्या खेपा संपल्या. तालुक्याच्या गावाला कॉलेज, कॉलेजात बी.ए. आणि बी.कॉम., बी.एस्सी. असलंच तर केमिस्ट्रीपुरतं. आमच्या वडलांच्या पिढीत कितीतरी जण बी.कॉम. झाले ते साखर कारखाना आणि जिल्हा बँक डोळ्यांसमोर होती म्हणून. सहकारानं त्या काळात जेवढे हिशेबनीस पोसले तेवढे दुसऱ्या कुणी पोसले नसतील.

सगळेच या वाटेनं गेले असं नाही. खानापूर-आटपाडीकडची पोरं दुष्काळाला कंटाळून सातवी-दहावीतच गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात उतरली आणि केरळपासून दिल्लीपर्यंत पसरली. पाटण-जावळीची माणसं मुंबईच्या बाजारात माथाडी झाली. साताऱ्याकडं फौज हा तर घरचाच धंदा. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यालाच निघालं. या तिन्ही वाटांनी घरात पैसा आणला, आणि तो पैसा पुढच्या पिढीच्या पदव्यांत गेला. गलाईवाल्याचा मुलगा गलाईवाला झालेला आता कमी दिसतो.

खरा फेरबदल १९८३ चा. तोवर ज्याच्याकडं पैसे आहेत पण मार्क थोडे कमी आहेत, अशा घरांची पोरं कर्नाटकात जात होती, डोनेशन भरून. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील म्हणाले, मग ती इथंच का शिकू नयेत? आणि विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. दादा सांगलीजवळच्या पद्माळ्याचे, स्वतः जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेले. त्याच वर्षी सांगलीला खेटून बुधगावला आणि इस्लामपूरजवळ साखराळ्याला इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. कृष्णाकाठच्या उसाच्या पैशाला हा नवा बांध मिळाला. टीकाही भरपूर झाली. 'शिक्षणसम्राट' हा शब्द रुळला, आणि डोनेशनला आळा घालायला १९८७ मध्ये कायदा करावा लागला. मी या टीकाकारांत निम्मा आहे. पैशाचा बाजार झाला हे खरंच आहे. पण वाळव्याच्या शेतकऱ्याची मुलगी सायकलवरून इंजिनिअरिंगला जाताना दिसायला लागली तीही याच निर्णयामुळं.

त्यानंतर निवड हा प्रकार खऱ्या अर्थानं सुरू झाला, आणि सोबत आल्याचा भावही. पुण्यात टेल्को-बजाजची चलती होती तेव्हा मेकॅनिकलला रांग. दोन हजार सालानंतर हिंजवडी फुलली आणि शुक्रवारी रात्री पुण्याहून येणाऱ्या गाड्या लॅपटॉपच्या सॅकांनी भरायला लागल्या, तशी कम्प्युटरला रांग. मधे ई अँड टीसीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनची, हवा होती, तीही ओसरली. मग इतकी कॉलेजं झाली की दहा-बारा वर्षांपूर्वी जागाच रिकाम्या पडायला लागल्या, आणि प्राध्यापक उन्हातान्हात विद्यार्थी शोधत वाड्या-वस्त्या हिंडले. चार वर्षांच्या कोर्सचं दुखणं हेच की प्रवेश घेताना दिसतो तो चार-पाच वर्षांपूर्वी शिकून गेलेल्याचा पगार, आणि आपण बाहेर पडतो तेव्हा बाजार चार वर्षं पुढं गेलेला असतो. शेजारच्या वाड्यातल्या पोराला पॅकेज मिळालं ही बातमी गावात फिरते. न मिळालेल्यांची बातमी कुणी सांगत नाही. ते घरी परत येतात आणि सांगतात, एमपीएससी करतोय.

पण या सगळ्यात सगळ्यात जास्त पोळले ते डी.एड.वाले. त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, कारण ती बहुतेक पोरी होत्या. बारावीनंतर दोन वर्षं, कॉलेज तालुक्यातच, आणि पास झालं की जिल्हा परिषदेची शाळा. २००० पासून आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तीन हजारांवर काढायची होती, तरी पुढं कायम व्हायची खात्री होती. लग्नाच्या बाजारात डी.एड. झालेल्या मुलीला बी.एस्सी.वालीपेक्षा जास्त मान होता. मग कॉलेजं निघाली, माळावर, गोदामात, कुठंही. दर वर्षी हजारो मुली पास होऊन बाहेर. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, कित्येक शाळांत हजेरीपटावरची पोरं वर्गात सापडली नाहीत, आणि २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली. २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली, पुढं शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. कॉलेजं एकामागून एक बंद पडली. माझ्या माहितीतल्या एका डी.एड. कॉलेजाच्या इमारतीत आता पोलीसभरतीची ॲकॅडमी चालते; भिंतीवर बालमानसशास्त्राचा तक्ता अजून तसाच आहे, त्याच्याखाली पोरं सपाट्या मारतात.

नेट कॅफेतल्या बाई त्यातल्याच निघाल्या. नंबर यायला वेळ होता म्हणून बोलणं झालं. लग्नानंतर सासऱ्यांनी हट्टानं डी.एड.ला घातलं. हीच लेक तेव्हा रांगत होती, सासूबाई सांभाळायच्या. जाऊबाईंनी दोन वर्षं आधी डी.एड. केलं, त्यांना नोकरी लागली. "आमचा नंबर आला आणि दार बंद," त्या म्हणाल्या. तीनदा टीईटी दिली. आता घरी शिकवण्या घेतात, पहिली ते चौथी, तेरा पोरं. लेकीला इंजिनिअरिंगला घालायची हिंमत झाली ती २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना फी माफ झाली म्हणून. "नाहीतर बी.एस्सी.च केली असती हिनं," त्या म्हणाल्या. म्हणजे फीचा हिशेब अजून सुटलेला नाही, फक्त त्याचं उत्तर या वेळी वेगळं आलंय.

मी विचारलं, कम्प्युटरच का? म्हणाल्या, नणंदेचा मुलगा बाणेरला आहे, फ्लॅट घेतला त्यानं. कधी पास झाला? २०१९.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आत रेंज नव्हती, त्या बाहेर पायरीवर गेल्या. लेकीनं स्क्रीनकडं बघितलं, मग दाराकडं. "दादा, इलेक्ट्रिकल जरा वर घ्या ना. तिसऱ्या नंबरला." पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी झेरॉक्सचे पैसे काढत होतो, सुटे नव्हते.

"कुठलं कॉलेज?" त्यानं विचारलं.

"जवळचंच," ती म्हणाली. "आमचं ट्रान्सफॉर्मर दर उन्हाळ्यात जळतं. मला बघायचंय का ते."